भ्यालेल्या गावाचा देव

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. त्या बाजारात पाच पुरुष आले. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागाकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. भिक्षा मागत गावोगाव हिंडणं हे त्यांच्या कित्येक पिढ्यांचं पोट. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत फोनाफोनांवर येत होते. कुणाला तरी संशय आला, कुणीतरी ओरडलं, गर्दी जमली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मरेपर्यंत मारलं गेलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

त्यानंतर पुष्कळ लिहून आलं. व्हॉट्सॲपवर, पोलिसांच्या तोकड्या संख्येवर, भटक्यांना चोर समजण्याच्या आपल्या जुन्या नजरेवर. ते सगळं खरं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती मर्यादा घातली, की एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. तेही बरंच झालं. पण माझ्या मनात एक प्रश्न तेव्हापासून रुतून बसला आहे आणि त्यावर कुणी फारसं बोललेलं मला आठवत नाही. आपल्याकडे देव नाही असं गाव नाही. वेशीवर मारुती, माळावर म्हसोबा, घरोघरी देव्हारा. मारले गेले तेही नाथांचं नाव घेऊन मागणारे. मग त्या दुपारी देवावरचा भरवसा कुठे गेला होता?

हा प्रश्न मला राईनपाड्याला विचारायचा नाही. तो मला माझ्याच घराला विचारायचा आहे.

माझं माहेर लोणंद आणि तरडगावच्या मधलं. सुगी झाली की डवरी गोसावी दारात यायचे. हातात डौर, गळ्यात माळा, भैरवनाथाचं गाणं. आई सुपातून धान्य आणायची, आजी त्यांना हटकून विचारायची, "कुठल्या गावचं रं बाबा?" आणि मग ओसरीवर गप्पा रंगायच्या. कुठे पाऊस झाला, कुठे रोग आला, कुठल्या वाडीत कुणाचं लग्न ठरलं, हे आजीला त्यांच्याकडून कळायचं. २०१८ च्या जूनमध्ये तो मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज माझ्या फोनवर आला, तेव्हा मी तो घरच्या ग्रुपवर पाठवला. वाचून पुरता संपायच्या आधी पाठवला. खाली लिहिलं, "काळजी घ्या, मुलांना बाहेर सोडू नका." मला वाटलं, मी काळजी घेते आहे. आठवड्याभरात राईनपाड्याची बातमी आली. मारले गेलेले डवरी गोसावी आहेत हे वाचलं आणि मला आमची ओसरी आठवली. माझ्या मेसेजमुळे राईनपाड्यात काही घडलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या भीतीने ते घडलं, तिच्या साखळीत एक कडी माझीही होती.

तो मेसेज मी नंतर पुन्हा उघडून नीट वाचला. त्यात गावाचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, सांगणाऱ्याचा पत्ता नव्हता. एकच गोष्ट ठासून भरलेली होती, ती म्हणजे घाई. लगेच पाठवा. वेळ घालवू नका. उद्या तुमच्या मुलावर वेळ येईल. भीतीचं सगळं बळ या घाईत असतं. ती आपल्याला खोटं पटवून देत नाही, खरंखोटं बघायला लागणारा वेळच काढून घेते. त्या माणसाला नाव विचारायला किती वेळ लागतो? त्याच्या गावच्या सरपंचाला एक फोन करायला? अर्धा तास. पण भ्यालेल्या माणसाजवळ तो अर्धा तास नसतो.

श्रद्धा मला इथे महत्त्वाची वाटते. देवावर भरवसा म्हणजे आपल्यावर संकट येणार नाही ही खात्री, असा अर्थ आपण घेत आलो. त्या अर्थाने तो भरवसा रोज खोटा ठरतो. देवभोळ्यांची पोरंही आजारी पडतात, भक्तांच्याही शेतात गारा पडतात. संतांच्या घरी तर दुःखाची रांगच होती. माझ्या समजुतीप्रमाणे भरवसा म्हणजे वेगळीच गोष्ट आहे. या जगाचा शेवटचा पहारेकरी मी नाही, हे मनोमन मान्य करणं. मी आत्ता, या क्षणी काठी उचलली नाही तर सगळं संपलं, असं भीती सांगते. भरवसा सांगतो, तुझ्याआधीही कुणीतरी जागा होता, तू झोपलास तरी जागा राहील. तू तुझं काम कर, पण न्यायनिवाडा तुझ्या एकट्याच्या मुठीत नाही. हे ज्याला आतून पटलं, त्याच्याजवळ तो अर्धा तास असतो. तो परक्या माणसाला खाली बसवू शकतो, पाणी देऊ शकतो, नाव विचारू शकतो. श्रद्धेने माणसाला दिलेली ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे असं मी मानते, आणि तीच आपण कमीत कमी वापरतो.

दोन वर्षांनी महाराष्ट्रावर खरोखरचं संकट आलं. टोळी अफवेतली होती, करोना अफवा नव्हता. त्या वर्षात भीतीने काय केलं आणि भरवशाने काय केलं, हे दोन्ही आपण याच राज्यात पाहिलं.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याजवळ एक गाडी अडवली गेली. टाळेबंदी होती. गाडीत दोन साधू आणि त्यांचा चालक. मुंबईहून गुजरातेत एका अंत्यविधीला निघालेले. चोर फिरतात, मुलं पळवतात, अशा अफवांनी त्या भागातली माणसं रात्र रात्र जागत होती. पोलीस तिथे पोचले होते, तरीही तिघांचा जीव गेला. पुढे या घटनेला धर्माचा रंग देण्याचा बराच प्रयत्न झाला. मला तिच्यात राईनपाडाच दिसतो. भगवी वस्त्रंसुद्धा ज्या भीतीला थांबवू शकली नाहीत, ती भीती कुठल्या एका धर्माची कशी म्हणायची? त्याच वसंतात गावोगाव रस्ते खणून वेशी बंद झाल्या, मुंबई-पुण्याहून चालत आलेल्या आपल्याच पोरांना गावाबाहेर ठेवलं गेलं. तबलिगी जमातीच्या लोकांना तर सगळ्या साथीचं कारण ठरवलं गेलं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं निकालात नोंदवलं. तोवर पाच महिने लोटले होते.

आणि आता त्याच वर्षाचा जून महिना आठवा.

आळंदीहून माउलींच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुकांचं प्रस्थान तिथीप्रमाणे झालं, पण मोजक्याच माणसांत. पालख्या निघाल्या नाहीत. पादुका प्रस्थानानंतर तिथेच राहिल्या आणि दशमीला, ३० जूनला, फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. बरोबर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे वारकरी. १ जुलैला आषाढी एकादशी झाली. चंद्रभागेचं वाळवंट रिकामं होतं, शहरात संचारबंदी होती. राईनपाड्याला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं होत होती.

वारी चुकणं म्हणजे काय, हे वारकऱ्याच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षं एक वारी चुकवली नाही, घरात मयत झालं तरी जे दिवस उरकून दिंडीला जाऊन मिळाले, अशी माणसं त्या वर्षी अंगणात बसून होती. त्यांना भीती कमी नव्हती. साठी-सत्तरीची माणसं, करोनाने सगळ्यात आधी त्यांनाच गाठलं असतं. पण ती भीतीने घरी बसली होती असं मला वाटत नाही. भीतीने बसलेली माणसं दार लावून घेतात, कुणाला तरी शिव्या देतात. इथे लोकांनी घरातच टाळ घेतले. ठरलेल्या तिथीला ठरलेल्या मुक्कामाचे अभंग म्हटले. आमच्या गावावरून पालखी लोणंदहून तरडगावला जाते आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. त्या वर्षी त्या दिवशी आईने पहाटे उठून रस्त्यापर्यंत सडा घातला, रांगोळी काढली, पिठलं-भाकरी केली. रस्त्यावरून दिवसभरात एक दुधाची गाडी आणि एक पोलिसांची जीप गेली. संध्याकाळी तिने त्या भाकऱ्या रानात बांधकामावर अडकून पडलेल्या परप्रांतीय मजुरांना नेऊन दिल्या. मी तिला फोनवर विचारलं, "आई, कोणी येणार नाही हे माहीत असून कशाला केलंस?" ती म्हणाली, "आपण वाट बघायची. येणं त्याच्याकडं."

पुढच्या वर्षीही तेच. २०२१ ला काही ज्येष्ठ कीर्तनकारांनी पायी जाण्याचा आग्रह धरला, पोलिसांनी अडवलं, कटुता आली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या आग्रहामागे प्रेम होतं हेही मी मान्य करते. तरी बहुसंख्य वारकरी थांबले. एवढा मोठा समाज, ज्याच्या आयुष्याचा कणाच ती वीस दिवसांची वाट आहे, तो सलग दोन वर्षं थांबला. विठ्ठल रुसेल असं त्याला वाटलं नाही. आपण गेलो नाही तर परंपरा मरेल असंही वाटलं नाही. २०२२ ला वारी पुन्हा निघाली तेव्हा ती होती तशीच निघाली. देवावर भरवसा ठेवून धीर धरणं म्हणजे काय, याचं इतकं मोठं उदाहरण मी माझ्या आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं म्हणत बसणारा माणूस आणि तुम्ही सांगता तो धीर धरणारा माणूस, यांत फरक काय? संकट आलं की हातपाय हलवायचे की नामस्मरण करायचं?

फरक हाताकडे बघितलं की कळतो. खाटल्यावरच्या माणसाचे हात रिकामे असतात. १८९७ च्या प्लेगात पुण्यातली माणसं घरं सोडून पळत होती. सख्खा सख्ख्याला हात लावायला धजत नव्हता. तेव्हा सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचल्या. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. जोतिरावांच्या सत्यशोधकांचा निर्मीक, म्हणजे जगाचा निर्माता, हा पुजारी-दलालांवाचूनचा देव. त्याच्यावर विश्वास असणारी ती बाई घरात बसली नाही आणि पळालीही नाही. धीर म्हणजे हे. निर्भय माणसाला सावधगिरी कळते, औषध कळतं, पोलिसांना फोन करणं कळतं. भ्यालेल्या माणसालाच ते सुचत नाही.

तुकोबांची गोष्टही इथे आठवावीशी वाटते, पण आपण तिचा शेवटच सांगतो आणि मधले तेरा दिवस सोडून देतो. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा नदीकाठी शिळेवर जाऊन बसले. तेरा दिवस. वह्या तरंगून वर आल्या, असं परंपरा सांगते. तो चमत्कार कुणी मानावा, कुणी मानू नये. मला ते तेरा दिवस जास्त मोठे वाटतात. तुकोबांच्या बाजूने उभी राहणारी माणसं काय कमी होती? गाव जमवता आलं असतं, वाघोलीवर चालून जाता आलं असतं. त्यांनी आपली तक्रार थेट देवाच्या दारात नेली, त्याच्याशी भांडले, आणि रामेश्वरभटांच्या केसाला धक्का लावला नाही. पुढे तेच रामेश्वरभट तुकोबांचे शिष्य झाले. धीर धरणाऱ्याचा विरोधक जिवंत राहतो, म्हणून त्याला बदलायला वाव राहतो. राईनपाड्याच्या त्या खोलीत कुणाला काही बदलायला वाव राहिला? मेलेल्यांना नाही, आणि मारणाऱ्यांनाही त्या दुपारच्या आधीचं आयुष्य परत मिळालं नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. धीर धरा, हे नेहमी कुणाला सांगितलं जातं? ज्याच्या हातात काठी आहे त्याला नाही. ज्याच्या पाठीवर ती पडते त्याला. चोखोबांनी किती धीर धरायचा? तेही मंगळवेढ्याचेच. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, अस्थी पंढरीला आणल्या, समाधी महाद्वाराशी झाली. आत नाही. त्यांच्या लोकांसाठी देवळाचं दार उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावावे लागले, म्हणजे सहाशे वर्षांनी. या लोकांना धीराचा उपदेश करण्याचा अधिकार कुणालाही नाही, मला तर नाहीच. म्हणून माझं म्हणणं मी स्पष्ट करते. धीर हा बलवानाने धरायचा असतो. जमावाने धरायचा असतो, बहुसंख्येने धरायचा असतो, ज्याच्या गावात दुसरा एकटा आला आहे त्याने धरायचा असतो. पीडिताने न्याय मागावा, ओरडून मागावा, कोर्टात मागावा, रस्त्यावर बसून मागावा.

साने गुरुजींनी तो मागितला कसा, हे बघण्यासारखं आहे. आधी काही महिने महाराष्ट्रभर हिंडून गावोगावची देवळं, विहिरी उघडायला सांगितल्या. मग १ मेला पंढरपुरात उपोषणाला बसले, १० मेपर्यंत. आणि समोरच्या बाजूला कसली भीती होती? देव बाटेल, ही. म्हणजे ज्याने हे जग केलं असं आपण म्हणतो, त्याला माणसाच्या स्पर्शापासून जपायला हवं, अशी भीती. मला यात देवाविषयीचा सगळ्यात मोठा अविश्वास दिसतो. पुढे दार उघडलं, माणसं आत गेली, विठ्ठल विटेवर होता तसाच उभा राहिला.

आज तीच भीती नव्या नावाने घराघरात येते आहे. आपला धर्म धोक्यात आहे. हिंदूंना हे सांगणारे आहेत, मुसलमानांना सांगणारे आहेत, ख्रिस्ती आणि बौद्ध घरांतही हेच बोललं जातं. त्यातल्या काही तक्रारी खऱ्या असतात आणि त्या खऱ्या आहेत तिथे त्यांना कायद्याने उत्तर मिळालंच पाहिजे. पण 'धोक्यात आहे' या शब्दाने जे मन घडतं, ते राईनपाड्याच्या बाजारातलंच मन आहे. त्यालाही घाई असते. त्यालाही समोरच्याचं नाव, गाव, काम, लेकरंबाळं यांत रस नसतो. त्याचा देव कुठे गेला असं विचारलं तर ते म्हणतं, देवासाठीच तर चाललंय हे. मी माझ्या श्रद्धेच्या लोकांना एवढंच म्हणेन की, ज्याला स्वतःच्या रक्षणासाठी जमाव लागतो असा देव आपल्याला कोणत्याही संताने दाखवलेला नाही.

कायदा हवा, पोलीस हवेत, अफवा पसरवणाऱ्याला शिक्षा हवी. पण रात्री साडेदहाला मेसेज येतो तेव्हा घरात कायदा नसतो, आपण असतो. तिथे काम करू शकेल अशी आपल्याकडे एकच जुनी व्यवस्था आहे. सप्ताह, कीर्तन, शुक्रवारचं प्रवचन, रविवारची उपासना. महाराष्ट्रात वर्षाकाठी किती गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसत असतील! त्या सात दिवसांतलं एक कीर्तन भीती या विषयावर व्हावं. परका माणूस गावात आला तर काय करायचं, हे कीर्तनकाराने सांगावं, कारण सरपंचाचं न ऐकणारा माणूसही बुवांचं ऐकतो. त्याला बसवा, पाणी द्या, ११२ ला फोन करा, आणि पोलीस येईपर्यंत गावातली चार म्हातारी माणसं त्याच्या भोवती बसू देत. मशिदीत, चर्चमध्ये, विहारात हेच सांगितलं जावं. आणि भीतीचा मेसेज आला तर तो रात्रभर आपल्याकडेच ठेवावा. सकाळी पुन्हा वाचावा. मी गेली काही वर्षं हे करते. सकाळी पुढे पाठवावासा वाटलेला असा एकही मेसेज मला आठवत नाही.

गेल्या सुगीनंतर मी माहेरी होते तेव्हा दारात डौर वाजला. बऱ्याच वर्षांनी. पन्नाशीचा गोसावी, बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा. आई बाहेर आली. ती काही विचारायच्या आतच त्या माणसाने झोळीत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. मग मुलाचंही धरलं. त्याचा हात थरथरत होता. आई क्षणभर त्या कार्डांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठेवा बाबा ते आत. उन्हाचं आलाय, आधी पाणी घ्या." आणि आजी विचारायची तसंच तिने विचारलं, "कुठल्या गावचं म्हणायचं तुम्ही?"